नागपूरची दोघं

सानगडीच्या विहारावरच्या भोंग्याला कशाची लाज नाही. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजींनी बाळावर पाणी शिंपडलं, 'सुगत' हे नाव सगळ्यांनी तीनदा म्हटलं, आणि मग मंडळाच्या सचिवानं माइक हातात घेऊन नेहमीसारखी धम्मदानाची नावं वाचायला सुरुवात केली. कोणाचं वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाचं मुलगा नोकरीला लागला म्हणून. ऐकतंय कोण? बाया पोरांना चिवडा भरवत होत्या, बाप्ये मंडपाच्या कडेला उभे राहून धानाच्या भावावर बोलत होते. त्यात सचिव एका दमात म्हणाला, "बायजाबाई परसराम मेश्राम यांच्याकडून नातू सुगत याच्या नामकरणानिमित्त, तसेच सुगतच्या नागपूरच्या दोन भावंडांच्या स्मरणार्थ धम्मदान. साधू, साधू, साधू!"

साधू म्हणायला उघडलेली निम्मी तोंडं तशीच उघडी राहिली.

मोनिकाच्या मांडीवर बाळ होतं, नाहीतर ती तिथून उठून पळाली असती. शेजारच्या शकुनबाईनं सगळ्यांच्या देखत तिला कोपरानं ढोसलं. "काहून वो, तिळे होते का? आमाले तं सांगितलं नाई! अन् नागपूरले कायले ठेवले?"

"काई नाई हो मावशी, आईची काईतरी गडबड झाली," मोनिका म्हणाली आणि नवऱ्याला शोधू लागली. धर्मेंद्र मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बुंदीची बादली घेऊन उभा होता आणि बादलीत असा बघत होता, जणू तिच्यात काही हरवलंय. हा माणूस अशा वेळी नेहमी बादलीतच बघतो. मोनिकाला त्याचा राग आला, सासूचा त्याहून जास्त आला. एवढी एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती, ती हिनं अख्ख्या गावात भोंग्यावरून वाजवली!

गोष्ट अशी होती. धर्मेंद्रला सिकल, म्हणजे रक्तातला सिकलसेलचा आजार, अर्धा, मोनिकाला अर्धा. दोघं धडधाकट, पण लेकराला दोन्हीकडून अर्धा-अर्धा मिळाला की पुरा, म्हणजे लाल कार्ड, म्हणजे जन्मभर हाडांत कळा आणि दवाखाना. पहिल्या खेपेला पुराच आला होता. तिसऱ्या महिन्यात तपासून कळलं, गर्भ पाडला. तेव्हा घरात कोणी हूं की चूं केलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा हा मार्ग धरला. नागपूरच्या दवाखान्यात गर्भ बाहेर तयार करायचा, तपासायचा आणि निरोगी असेल तो पोटात ठेवायचा. चार झाले. एक ठेवला, तो रुजला नाही. दुसरा ठेवला, तो सुगत. उरलेली दोघं पुरी सिकलची निघाली, म्हणून ठेवली नाहीत. पाच दिवसांचे दोन ठिपके, नुसत्या डोळ्यांना धड दिसणारही नाहीत असे, दवाखान्याच्या थंड नळकांड्यात पडून होते. आता दवाखाना विचारत होता: यांना नष्ट होऊ द्यायचं, की संशोधनाला द्यायचं? दिले तर प्रयोगशाळावाले त्यांतून मूळपेशी काढणार, त्या वाढवणार आणि सिकलवरचे उपाय माणसाच्या आधी त्या पेशींवर लावून बघणार. ठिपका मात्र उरणार नव्हता. सही नवरा-बायको दोघांची लागते, एकाची चालत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं दोघं सही करायला जाणार होते, आणि घराबाहेर हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक झालं होतं.

*

गोपीचंदला राग यायला कारण लागत नाही, पण आज होतं. धर्मेंद्रच्या बापाचा, परसरामचा, हा धाकटा भाऊ दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला, तिसऱ्यांदा पडलेला, आणि पडल्यापासून त्याचा आवाज आणखी वाढलेला. पंगत पुरती उठली नव्हती तोच तो घरात शिरला, चप्पल न काढता.

"धर्म्या! अबे, नागपूरची भावंडं कोणती?"

धर्मेंद्रनं सगळं सांगून टाकलं. एका दमात, शाळेत मास्तरासमोर सांगावं तसं. मोनिका डोळ्यांनी खुणा करत राहिली, त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. सोसायटीतली नोकरी काकानं लावून दिली होती, त्यामुळे काकासमोर त्याची जीभ आपोआप सैल सुटायची.

"म्हणजे आपल्या घरचे लेकरं कापाले देऊन राहिले तुमी?" गोपीचंद ओरडला.

"लेकरं नाईत ते, काकाजी," मोनिका म्हणाली. बाळाला तिनं आतल्या खोलीत नणंदेजवळ झोपवलं होतं आणि ती दारातच उभी होती. "हात नाई, पाय नाई, काळीज नाई. अन् आमी ठेवले नाई तं ते कधी होणारबी नाईत."

"मंग तुही सासू भर विहारात भावंडं कायले म्हणते? ते का येडी हाय?"

सगळ्यांनी बायजाबाईकडे पाहिलं. ती ओसरीत खरकट्या पत्रावळी गोळा करत होती.

परसराम खुर्चीत बसला होता. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. गुडघे गेले होते, पण डोकं ठिकाणावर होतं. "गोप्या, चप्पल काढ पहिले," तो म्हणाला. "अन् ऐक. आपल्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली ते कायले? जे असंल ते तपासून घ्यायचं, मंग मानायचं. हे पोरं तेच करून राहिले."

"अन् पहिलं शील काय म्हणते, भाऊ? आत्ताच म्हणून आलास ना मंडपात? प्राण्याची हिंसा करणार नाई! का ते तोंडानं म्हणासाठीच हाय?"

"रोज संध्याकाळी अगरबत्ती लावून मच्छर मारतोस, तवा शील कुठी जाते तुह्यं?"

"मच्छराची अन् आपल्या रक्ताची बरोबरी करतोस? शरम कर!"

"आवाज खाली घे. आत लेकरू झोपलं हाय."

पण गोपीचंद आवाज खाली घेणारा नव्हता. मच्छराचं ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं, कारण त्याचा खरा राग शीलाचा नव्हताच. तो जुना होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षाचा. तेव्हा कुठूनशी डॉक्टरांची एक टोळी रक्त तपासायला आली होती. मोहल्ल्यातले लोक सुईला घाबरून घरात लपले, तर पंचविशीतल्या गोपीचंदनं घरोघर फिरून त्यांना शाळेच्या पडवीत आणून बसवलं. भावाचा थोरला अंकुर नऊ वर्षांचा होता, सारखा पाय दुखतात म्हणून रडायचा. त्याला तर गोपीचंदनं खांद्यावर बसवून नेलं. गोड बोलून बाटल्या भरून नेल्या त्यांनी. महिन्यात रिपोर्ट देतो म्हणाले.

"पाच महिन्यांनी मेला माझा अंकुर!" गोपीचंदचा आवाज फाटला. "काय झालं होतं ते कोणी सांगितलं नाई. रिपोर्ट अजून येऊन राहिला! अन् त्याच रक्तावर कोणीतरी मोठा डॉक्टर झाला असंल. गोंडाचं रक्त घ्या, आपल्या मोहल्ल्याचं रक्त घ्या, अन् पाठ फिरवा. आता रक्त पुरत नाई तं गर्भ पाहिजे त्याईले. हा माणुसकीचा प्रश्न हाय का नाई? आमी का उंदरं हावो?"

"ज्याईले रोग हाय त्याईच्याच पेशी लागतील ना काकाजी," मोनिका म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या घेऊन काय उपेग?"

"तेच तं म्हणून राहिलो मी! रोग आपला, पेशी आपल्या, अन् औषध निघालं का दुकान त्याईचं. मंग आपणच घेऊ शकत नाई ते. उद्या साकोलीच्या तहसीलसमोर बसतो मी. पेपरवाल्याईले फोन लावतो. नाव तुमचंच येईन, मंग मले म्हणू नोका. अन् धर्म्या, तू सही करून तं पाह्य. सोसायटीत तोंड दाखवाले जागा राहणार नाई तुले."

धर्मेंद्रनं बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि जमिनीकडे पाहून म्हणाला, "मी नाई करत मंग सही."

मोनिकाला क्षणभर वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तीन महिने रोज रात्री बोलून, डॉक्टरांना चार वेळा विचारून दोघांनी ठरवलेली गोष्ट! "नाई करत?" ती म्हणाली. "सुया कोणी टोचून घेतल्या, तुमी का मी? पोट कोणाचं फुगलं? पहिल्या वेळी त्या टेबलावर कोण पडलं होतं? तवा काकाजी आले होते का शील शिकवाले? तुमाले बायकोची भीड नाई, फक्त नोकरीची हाय!"

"तसं नाई मोनिका..."

"तसंच हाय!"

परसराम मधे पडेल असं तिला वाटलं होतं. तो पडला नाही. अंकुरचं नाव निघालं आणि म्हाताऱ्याचं तोंड जे मिटलं ते मिटलंच.

*

आतल्या खोलीत मनाली कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून भिंतीला टेकली होती, बाजूला भाचा झोपलेला. घरातली ही एकटी लाल कार्डवाली. अंकुर गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेली, चोविशीची, डोळ्यांत कायमचा पिवळेपणा, सातवीपासून शाळेपेक्षा दवाखान्यात जास्त दिवस काढलेली. लाखनीला हायवेच्या बाजूला तिनं ऑनलाइन कामाचं छोटं दुकान टाकलं होतं, ते महिन्यातून अर्धे दिवस बंद असायचं. बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. येणारच. या घराच्या भिंती म्हणजे नावाला भिंती.

ती उठली, पिशवी फेकून दिली आणि लंगडत बाहेर आली.

"ये बाई, तूच सांग," गोपीचंद म्हणाला. त्याला वाटलं, पोरगी आपली आहे. लहानपणी हिलाही त्यानंच खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं. "ह्या लोकाईले वाटते का तुह्यासाठी औषध निघून राहिलं. अवो, वीस वर्ष लागतील त्याले. वीस वर्षांनी तू कुठी राहशील?"

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. परसराम खुर्चीतून अर्धा उठला.

"अठीच राहीन, काका," मनाली म्हणाली. "तुमच्या छातीवर बसून राहीन."

"मले तसं म्हणाचं नव्हतं, पोरी..."

"तुमाले तसंच म्हणाचं होतं. सगळे तेच मोजून राहिले ह्या घरात, कोणी तोंडानं बोलत नाई एवढंच. तुमाले धरणं द्याचं हाय ना? द्या. पण मी दवाखान्यात पडली राहतो तवा रक्ताच्या बाटलीसाठी एक फोन लावा म्हटलं तं तुमचा मोबाइल बंद राहते. तवा कुठी जाते समाज?"

मोनिका पुढे आली. आपल्या बाजूनं बोलणारं कोणीतरी मिळालं असं तिला वाटलं. "हेच म्हणतो मी, मनालीताई. तुमच्यासाठीच तं..."

"तू बोलू नको वहिनी!" मनाली तिच्यावर उलटली. "माझ्यासाठी? त्या दोघाईत काय खराबी होती, सांग बरं. माझ्यावानी होते, एवढीच ना? मी हावो ते. तुमी डॉक्टरसमोर बसून मले नको म्हटलं, अन् घरी येऊन माझ्याच हातचा चहा पेलात. काका त्याईले लेकरं म्हणते, पण पोटात ठेव म्हणत नाई. तू ठिपके म्हणते. अन् माझ्यासाठी मणे!"

मोनिकाचे डोळे भरले, पण ती मागे सरली नाही. माघार घेण्याचा तिचा स्वभावच नव्हता, आणि आज तर तिच्याजवळ सरायला जागाही नव्हती. "हो, नको म्हटलं," ती म्हणाली. "तुमच्या रात्री मी काढल्या हायत ताई. तुमचे पाय चेपले मी. तुमी उशी तोंडात धरून वरडता, ते मी ऐकलं हाय. माझ्या पोटच्या लेकराचं तसं वरडणं मले ऐकाचं नव्हतं. याच्यात माझं चुकलं असंल तं मारा मले."

मनालीचा राग आणखी वाढला. तेवढ्यात धर्मेंद्रनं घोळ घातला. "असं करू," तो म्हणाला, "मनाली म्हणंल तसं करू. तिचा रोग हाय, तिनंच ठरवावं."

"वा रे वा दादा! लग्न तुह्यं, पोट वहिनीचं, नोकरी काकाची, अन् ठरवावं मी? उद्या काई बरंवाईट झालं का म्हणाले मोकळे, मनालीनं सांगितलं होतं! माझ्या हाडाईत पह्यलेच लय वजन हाय. तुह्यं ओझं मी उचलत नाई."

मग ती आईकडे वळली. बायजाबाई अजून पत्रावळीच गोळा करत होती. "अन् तू माय. सगळ्या गावाले सांगून मोकळी झालीस. मले एक सांग. मी पोटात होती तवा अशी मशीन असती, अन् डॉक्टरनं सांगितलं असतं का हे बी अंकुरसारखीच, तं मले ठेवलं असतंस का?"

*

बायजाबाईनं पत्रावळी खाली ठेवल्या. हात लुगड्याला पुसले. भोंगा वाजल्यापासून सगळे तिला बावळट समजून चालले होते, हे तिला दिसत होतं. समजोत. तिला राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा: एवढा वेळ सगळे तिच्याकडे बोट दाखवत होते, पण एकानंही तिला विचारलं नव्हतं. विचारलं ते पोरीनं, आणि विचारलं तेही हे.

खोटं बोलणं सोपं होतं. कोणतीही आई बोलली असती. "ठेवलं असतं माय माझी, असं कसं बोलतेस," एवढं म्हटलं की झालं. पण पोरगी डोळ्यांत बघत होती.

"नाई," बायजाबाई म्हणाली. "नसतं ठेवलं."

परसराम म्हणाला, "बायजे!"

"तुमी चूप बसा. आतापर्यंत बसलेच होते ना? तसेच बसा." ती मनालीशी बोलत राहिली. "अंकुर गेला तवा तू पाचव्या महिन्याची होती पोटात. शेवटच्या आठ दिवसांत त्यानं मले येकदाबी मांडीवरून उठू देल्लं नाई. माय, पाय कापून टाक म्हणे. नऊ वर्षांचं लेकरू स्वता म्हणे, पाय कापून टाक. तवा मले कोणी सांगितलं असतं का पोटातलं बी असंच हाय, तं मी त्याच दिवशी दवाखान्यात गेली असती. तुह्या बापालेबी विचारलं नसतं. आता तुह्याशिवाय मी जगू शकत नाई, हे बी खरं हाय. पण तू ते विचारलं नाई."

मनालीचा चेहरा आवळला. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. तिला धरायला मोनिका पुढे झाली, तर मनालीनं तिचा हात झिडकारला.

"पण वहिनी," गोपीचंद चाचरत म्हणाला, "तूच तं त्याईले भावंडं म्हटलं. म्हणून तं मी..."

"स्मरणार्थ म्हटलं मी! कान कुठी ठेवले होते? स्मरणार्थ कोणाच्या नावानं देते माणूस? गेलेल्याच्या. आपण त्याईले नको म्हटलं, त्याच दिवशी ते गेले. पह्यलं पाडलं त्याचं कोणी नाव घेतलं नाई, याईचंबी कोणी घेतलं नाई. आपल्या सोईसाठी गेले ते, मंग निदान सांगावं तरी का होते म्हणून. येवढंच केलं मी. आता त्या थंड डब्यात जे उरलं, ते कोणाच्या कामी येत असंल तं येऊ द्या."

"पण हे लोकं पुन्हा फसवतील, वहिनी. अंकुरच्या वेळी..."

"अंकुरचा कागद आला नाई, त्याचा राग मले नाई का?" बायजाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी माय हावो त्याची! पण तो राग त्या लोकाईवर काढ ना. जा पोराईच्यासंग नागपूरले. धरणं दे त्या प्रयोगशाळेसमोर. लिहून घे का औषध निघालं तं आमच्या तालुक्यात पह्यले आणा, फुकट आणा, अन् जे सापडंल ते आमाले येऊन सांगा. तिथं तुह्यी जीभ चालव. माझ्या सुनेवर कायले चालवतो? अन् पोराच्या नोकरीचं काढतो? थूत्!"

गोपीचंद खाली बसला. त्यानं चपला काढल्या, आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या. "येतो मी उद्या," तो म्हणाला. "पण लिहून देल्ल्याशिवाय सही करू देणार नाई."

"नोका देऊ," मोनिका म्हणाली. "मलेबी तेच पाहिजे."

परसरामनं डोळ्यांवरून उपरणं फिरवलं आणि ते तसंच तोंडावर धरून बसला.

धर्मेंद्र मनालीसमोर उकिडवा बसला. तिचा घोटा सुजलेला दिसत होता. सवयीनं त्यानं तो दाबायला हात पुढे केला, आणि मग अर्ध्यातच थांबवला. "जाऊ ना मंग उद्या?" त्यानं विचारलं. "तू रागात तं नाईस ना?"

"रागात हावो," मनाली म्हणाली. "तुह्यावर, वहिनीवर, मायवर. मायवर तं लयच. जल्मभर राहीन. कोणी समजावाले येऊ नोका."

"मंग सही..."

"त्याचा न् सहीचा काय संबंध बे?" ती ओरडली. "मले रागबी येते, अन् मले जगाचंबी हाय! जाजो उद्या. सही करून येजो."